उभं वाचलेलं पुस्तक

एका चित्रातल्या माणसाला मी पोरं धरणारा समजले, आणि त्याचा मार मात्र आमच्या गल्लीतल्या मेंढरंवाल्या मामांनी खाल्ला. नातवंडांना हे सांगते तेव्हा ती हसून लोळतात. मीही हसते. पण त्या दुपारी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, तेही तितकंच खरं.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. परभणीत आज बंद, उद्या मोर्चा, परवा एसटीच्या फुटलेल्या काचा. आमच्या वाटेवरच्या ताडकळसला आलेली गाडी पुढे जाईल की तिथूनच वळेल, हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. माझे धाकटे दीर परभणीला शेतकी शिकत होते. कॉलेज बंद पडलं की ते पिशवी घेऊन गावी यायचे. त्या खेपेला पिशवीत हैदराबादकडच्या कुण्या दोस्ताचं एक जाड, चित्रांचं, इंग्रजी पुस्तक होतं.

"वैनी, ह्याला हात लावू नका बरं का, दुसऱ्याचं हाय," असं बजावून ते शेताकडे गेले.

नका म्हटल्यावर काय करणार? लावला.

मी सातवी पास. गल्लीतली वाचता येणारी सून म्हणून माझा कोण तोरा! किराणाच्या पुड्यांचे कागदसुद्धा सोडवून, मांडीवर सपाट करून मी वाचायची. वर्तमानपत्राचा रकाना वरून खाली संपवायचा, मग शेजारचा धरायचा, ही माझी रीत. इंग्रजी येत नव्हतं, पण चित्राला कशाला लागतंय इंग्रजी, असा माझा हिशोब.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पावसाची झड जरा उघडली म्हणून खुरपायला गेल्या होत्या. माझी तीन वर्षांची लेक ओसरीत चिंध्यांच्या बाहुलीला निजवत होती. मी आतल्या दारात उजेडाला बसून पुस्तक उघडलं.

पहिल्याच पानावर तो उभा. डोळ्यांवर काळ्या रुमालाची दस्ती बांधलेली, तिला दोन भोकं, आणि भोकांत नुसतं पांढरं. बुबुळंच नाहीत. मी आधी त्याचे पाय पाहिले, कारण भुताचे पाय उलटे असतात. ह्याने गुडघ्यापर्यंत बूट घातलेले. बुटात काय कळतंय! पाठीवर काळं पांघरूण आणि पायजम्यावरून चड्डी. पुढच्या पानावर हा हवेत. हवेत उडणारा म्हटला तर मला एक मारुती माहीत. त्याला पाहिलं की हात जोडावेसे वाटतात. ह्याला पाहिलं आणि कडी लावावीशी वाटली. सगळी पानं तव्याच्या बुडासारखी काळी. आपल्या माळवदाच्या घराएवढं काही नाही, इमारतीच इमारती, आणि हा वरून वाकून खालच्या माणसांकडे बघतोय. बोलत तर नाहीच.

मग ते पान आलं. पानावर चौकोनांच्या दोन उभ्या ओळी. मी माझ्या रीतीने डावी ओळ धरली. वरच्या चौकोनात एक बाई लेकरू घेऊन खिडकीत उभी. खालच्यात हा दस्तीवाला खिडकीकडे झेपावलेला. त्याच्या खाली हा रस्त्यावर. झालं, उजवी ओळ. लेकरू खिडकीतून पडलेलं. मग लेकरू ह्याच्या काखेत. आणि शेवटी ती आई, दोन्ही हात पसरून रडतेय.

आधीच गावात आवई होती की पोरं धरणारे फिरायलेत. बाजारातून आलेली प्रत्येक बाई नवीन खबर आणायची. मला वाटलं, शहरातली माणसं शहाणी; त्यांनी त्या माणसाचं चित्र काढून पुस्तकच छापलं, लोकांनी ओळखावा म्हणून! माझ्या अकलेला आजही मी नमस्कार करते.

मान वर केली तर ओसरी रिकामी. बाहुली पडलेली. लेक नाही.

आडात डोकावले. पाणी काळं दिसलं, हलत नव्हतं. कडब्याच्या गंजीमागे पाहिलं, गोठ्यात पाहिलं, शेजारणीच्या दाराला तर कुलूप. हाका मारमारून पाहिल्या. नुसता वारा. पुन्हा झड सुरू झाली होती. घसा कोरडा पडला म्हणून मी रांजणातून तांब्या भरून घेतला, आणि प्यायचं विसरून तशीच दारात येऊन उभी राहिले.

गल्लीच्या तोंडाशी तो आला.

डोक्यावर टोक निघालेलं, खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत काळं पांघरूण, तोंडाच्या जागी नुसता अंधार. आणि पांघरुणातून लोंबणारे दोन छोटे पाय. एका पायातला वाळा मी ओळखला.

पुढचं मला नीट आठवत नाही. तांब्या हातातून कधी सुटला कळलं नाही. "आयाया!" एवढं ऐकू आलं. तोवर लेक मी ओढून छातीशी धरली होती, आणि ती रडत होती ते माझ्या धरण्यानेच.

घोंगडीची खोळ मागे सरली. आत मामा. पाऊस आला की मेंढरामागे फिरणारा माणूस घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो, हे मी जन्मल्यापासून बघत आलेली! कोकराच्या मागे लेक ओढ्यापर्यंत गेली होती. भिजू नये म्हणून त्यांनी तिला खोळीत घेऊन आणलं होतं. मामांच्या कपाळावर तांब्याची ही एवढी खोक.

मी हळद आणली. घाईघाईत निम्मी हळद त्यांच्या मिशांनाच लागली. तेवढ्यात दीर आले. मी रडत रडत ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो वैनी, हे आडवं वाचायचं असतंय! उभं कामून वाचलं तुमी? हे बघा. बाई खिडकीत, लेकरू पडलं. ह्यानं उडी मारली, लेकरू झेललं. खाली उतरला, आन आईच्या हातात द्यायलाय. वाचवलंय त्यानं!"

मी त्यांच्या बोटामागून बोट फिरवलं. खरंच होतं. तरी ते पांढरे डोळे काही मला आईच्या बाजूचे वाटेनात. पुस्तक मिटून मी त्यांच्या पिशवीत खाली घातलं आणि वर त्यांचे मळके कपडे कोंबले.

मामा ओसरीत चहा फुंकत बसले होते. मी लेकीला खाली न ठेवताच त्यांच्या पाया पडायला वाकले.

"मामा, मी तुम्हाला ओळखलं नाही हो. आंधळी झाले होते."

मामांनी मिशीवरची हळद पुसली, लेकीकडे बघून डोळे मिचकावले आणि म्हणाले, "बरं केलंस सूनबाई. लेकरू घेऊन कुनी यायलं तर आदुगर लेकरू वढून घ्यावं, मानूस मागून वळखावा. फकस्त पुढल्या टायमाला तांब्या रिकामा फेक. पान्यानं भरलेला लय लागतो."