अर्ध्या वावराची प्रार्थना

दारव्ह्याच्या जीपमध्ये शेजारी एक ख्रिस्ती काका बसले होते. मांडीवर तुरीच्या शेंगांच्या दोन पिशव्या. दोन्हींतल्या शेंगा सोलून ते अळ्या मोजत होते.

"पास्टर म्हणे, प्रार्थनेनं अळी जाते. म्हून म्या अर्ध्याच वावरात केली. अळी दोन्हीकडं सारखीच!"

समोर बसलेल्या त्यांच्या बायकोनं, काकूंनी, कडाडून विचारलं, "देवाची परीक्षा पाह्यता? चर्चच्या मंडळीतून काढतीन, मंग मयतीले कोण येईन?"

"पास्टर म्हणते, मनात शंका होती. अवो, फवारणी तं मी शंकेनंच करतो, तरी अळी मरते!"

जीप हसली. मी परक्यांशी बोलत नाही, तरी विचारलं, "मग प्रार्थना सोडणार?"

"नाही बाई. पुढच्या साली पास्टरलेच अर्ध्या वावरात प्रार्थनेले उभं करतो. खोट माझ्यातच असन, तं तेही समजलं पाह्यजे."