ओटा धुण्याची वेळ

डाग या विषयात आमच्या शेजारच्या सरांच्या वरचा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात नाही. असलाच तर तो मंठ्याला अजून आलेला नाही, कारण आला असता तर सरांनी त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला असता आणि त्यातला थोडा मुद्दाम सांडवून घेतला असता. सरांनी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान शिकवण्यात घालवली. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये कंबरेइतकी एक भिंत आहे. तिच्यावरून आमच्याकडून कढीपत्ता जातो आणि त्यांच्याकडून सूचना येतात. गल्लीतले लोक त्यांना सर्किट म्हणतात. म्हणोत. या गल्लीत सर्किट नसलेले जे कोण आहेत ते मला चांगले ठाऊक आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाच्याही दारात बसून संध्याकाळचे दोन तास काढावेत असं मला कधी वाटलेलं नाही.

सरांचा मुलगा पुण्यात घरं सजवून देण्याचा धंदा करतो. तीन वर्षांपूर्वी त्याने वडिलांच्या दारापुढचा खचलेला शहाबादी फरशीचा ओटा काढला आणि तिथे कंपोझिट डेक बसवून दिला. म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र दाबून केलेल्या लांब फळ्या, करपलेल्या गुळाच्या रंगाच्या. दिसायला लाकूड, पण वाळवी लागत नाही, पॉलिश लागत नाही. आता मंठ्यात ‘डेक’ या शब्दाला एकच अर्थ आहे, वरातीपुढे दणदणतो तो. त्यामुळे सरांच्या दारात डेक बसवला ही बातमी पसरली तशी दुसऱ्याच दिवशी दोन माणसं लग्नाची तारीख घेऊन आली आणि आवाज कसा काय आहे ते विचारू लागली. सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, वाकून फळीवर बोटाने टकटक केलं आणि एवढाच आवाज आहे म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून डेक हा शब्द त्यांच्या घरातून हद्दपार झाला. फोनवर मुलाच्या तोंडून चुकून निघाला तरी सर त्याला मध्येच थांबवतात. “ओटा म्हण. दाराम्होरं असतंय त्याला ओटाच म्हणतेत.”

फळ्यांबरोबर कंपनीचं एक पत्रक आलं होतं. ते सरांनी लाल पेन घेऊन तीनदा वाचलं, त्यातल्या मराठीला दहापैकी तीन गुण दिले, आणि विज्ञान मात्र ठीक आहे असा शेरा मारला. तरी कंपनीच्या सांगण्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतले ते नव्हेत. कापून उरलेली एक हातभर फळी त्यांनी राखून ठेवली, तिच्यावर खडूने चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात एकेक डाग हौसेने पाडला. शेंगदाण्याचं तेल, हळद, पानाची पिंक, चहा, मेंदी, मोसंबीचा रस, लोखंडी पाटीखाली साचलेला गंज. पिंकेसाठी गल्लीतल्या एका नामांकित तोंडाला सन्मानाने बोलावलं होतं. तो गृहस्थ आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी विनंतीवरून थुंकला आणि इतका बावरला, की पहिल्या खेपेला त्याचा नेम चुकला. मग एकेका डागावर प्रयोग सुरू झाले. तेलावर आधी कोरडं बेसन पसरायचं, ते तेल पिऊन घेतं, मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. गंजावर लिंबू. पावसाळ्यात येणाऱ्या काळ्या बुरशीवर पाण्यात घातलेलं व्हिनेगर. तारेचा ब्रश लावाल तर फळीला कायमचे ओरखडे पडतील, म्हणून ब्रश मऊच हवा आणि तो फळीच्या लांबीनेच चालवायचा. हळदीला काहीच करायचं नाही, चार दिवस ऊन खाऊ द्यायचं, ती आपोआप उडते. हा शोध लागला तेव्हा सरांनी मला भिंतीवरून हाक मारून बोलावलं आणि तो रिकामा चौकोन दाखवला. मीही बराच वेळ त्याच्याकडे कौतुकाने पाहत उभा राहिलो, कारण न पाहून सांगता कुणाला.

आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. त्यामुळे हा सगळा उद्योग सरांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, डोळ्यांत सलतो. सरांनी त्यांच्याशी तह केला आहे. एक बादली, तीही भाज्या धुतलेल्या पाण्याची, आणि शेवटी साबणाचा पांढरा थर राहू नये म्हणून दोन तांबे चांगलं पाणी. एप्रिलमध्ये त्या फळ्या दुपारच्या एवढ्या तापतात की पाय ठेवला तर माणूस वहीचं पान उलटावं तसा उलटतो. तेव्हा सर त्यांच्यावर ओलं गोणपाट टाकतात. मुलगा म्हणाला, “बाबा, असलं काही केलं तर वॉरंटी जाईल.” सर म्हणाले, “जाऊ दे, तिला कुणी धरून ठिवलंय.” मुलाने मग ‘ओट्यावर खाण्यापिण्यास मनाई’ अशी छान पाटी करून पाठवली. सरांनी ती उलटी करून कुंडीखाली ठेवली आणि त्याच संध्याकाळी गल्लीला ओट्यावर भेळ खाऊ घातली.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल की हा एक नीटनेटका निवृत्त मास्तर आहे आणि त्याला एक नाद लागला आहे. पण सरांचा खरा विक्षिप्तपणा पुढेच आहे. ओटा धुण्याची वेळ सकाळी साडेसहा. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. आणि माणूस ओट्यावर बसलेला असताना किंवा नुकताच उठून गेलेला असताना पाणी, फडकं, ब्रश यांतलं काहीही बाहेर काढायचं नाही. आता याच माणसाने मला शंभरदा सांगितलेलं आहे की तेल आणि पिंक यांना वेळ देऊ नका, पडल्या पडल्या गाठा. नगरपंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार सात कार्यकर्त्यांसह येऊन ओट्यावर मिरचीची भजी खाऊन गेला. कागदातून तेल पाझरून फळीवर चांगली परातभर वर्तुळं उमटली. सर समोर बसून पाहत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण तोंडाने ते वॉर्डातल्या गटारीबद्दल बोलत होते. मंडळी गेली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मी म्हणालो, सर, बेसन आणू का, तुम्हीच तर सांगता जल्दी करा म्हणून. सर म्हणाले, “मला नियम ठाव हायेत.” मी म्हणालो, मग? “मंग काही न्हाई.” ते तेल दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिथेच राहिलं, आणि ते काढायला सरांना पुढचे पाच दिवस लागले.

सरांना मी एकदाच चढ्या आवाजात बोलताना ऐकलं आहे. मुलगा सुटीला आला होता. गॅसचं सिलिंडर आणणारा माणूस ओट्यावर टेकून पाणी प्यायला, त्याच्या पायांची ओली माती फळीवर लागली. तो उठून चपला घालतोय तोवर मुलगा ओलं फडकं घेऊन बाहेर आला. सरांनी ते त्याच्या हातातून हिसकावलं. सिलिंडरवाला फाटकाबाहेर जाऊन, वळण घेऊन दिसेनासा होईपर्यंत ते फडकं पाठीमागे धरून उभे राहिले, आणि मग मुलाला असं काही बोलले की तो बिचारा जेवणही अर्ध्यावर टाकून उठला. मी ही गोष्ट पुढे गल्लीत रंगवून सांगितली. सगळे हसले, मीही हसलो. हे आता सांगायला बरं वाटत नाही.

सरांचं आणि माझं गाव एकच, वाटूर फाट्याच्या अलीकडचं. आमचं घर गावाच्या मधल्या गल्लीत, जमीनजुमला असलेलं. सरांचं बौद्ध वस्तीतलं. ते लहानपणीच वसतिगृहात शिकायला गेले, मी मागाहून बँकेत लागलो, आणि निवृत्तीनंतर दोघांनी मंठ्यात शेजारी शेजारी घरं बांधली. गावच्या गोष्टी आम्ही भरपूर बोलायचो. विहिरी, मास्तर, जत्रा, कोण कुठे गेलं. एवढं बोलूनही ज्याबद्दल बोललो नाही ते किती होतं, हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं.

गेल्या उन्हाळ्यात माझे चुलते, तात्या, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आले. जालन्याला मोतीबिंदू काढला आणि मंठ्याला माझ्याकडे विश्रांतीला राहिले. नव्वदीला टेकलेला माणूस, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, घरात बसून कंटाळला. संध्याकाळी मी त्यांना हात धरून सरांच्या ओट्यावर नेलं. सरांनी त्यांना भिंतीला पाठ टेकेल अशी जागा दिली, गावची विचारपूस केली. तात्या त्यांना गुरुजी म्हणत होते आणि जरा खुलत होते. वहिनींनी चहा आणला. तात्यांनी दोन घोट घेऊन कप खाली ठेवला, पण एका डोळ्याला अंदाज येईना, कप बशीऐवजी तिच्या काठावर टेकला आणि कलंडला. अर्धा चहा फळ्यांवर पसरला. तात्या शरमले. धोतराचा सोगा हातात घेऊन पुसायला वाकले, तसा सरांनी त्यांचा हात धरला.

“राहू द्या, तात्या. आमच्या ओट्यावर माणूस बसल्यालं असलं की पुसत न्हाईत.”

“गुरुजी, डाग पडंल की.”

“पडू द्या. डाग मी काढतो. त्याचं काही वाटत न्हाई मला.”

सर हे अगदी साध्या आवाजात बोलले. पण तात्यांनी मान वर करून त्यांच्याकडे एका डोळ्याने बराच वेळ पाहिलं. थोड्या वेळाने घरी जाऊ म्हणाले. घरी येऊन खाटेवर बसले आणि मला विचारलं, गुरुजींचा बाप कोण. मी नाव सांगितलं. तात्या म्हणाले, “तो आल्ता एकदा आपल्या ओट्यावर. पोराला बोर्डिंगात घालायचं हाये म्हणून कागुद वाचून घ्यायला. बाबाच्या तोंडातून निघून गेलं, बस म्हणून. बसला बिचारा. तो उतरला बी नव्हता पुरता, तर मी बादली ओतली ओट्यावर. माय म्हणली म्हणून ओतली, असं सांगत आलो आजवर. माय काही म्हणली नव्हती.”

सकाळी साडेसहाला भिंतीपलीकडून ब्रशचा आवाज आला. तात्या जागेच होते. काल धुतला नाही का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हणालो. डोळा दाखवायला चार दिवसांनी जायचं होतं, पण ते हट्टाने त्याच दिवशी गावी निघून गेले.

हे सरांना सांगावं की नाही यात माझा आठवडा गेला. माझं घर, माझा आजा, माझा चुलता. आणि त्या ओट्यावर मी रोज चहा पितो. शेवटी सांगितलं. सर हातातला कप धरून ऐकत होते.

“मी होतो तिथं,” ते म्हणाले. “खाली उभा होतो, अनवाणी. ते पाणी वाहत माझ्या पायाशी आल्तं. उन्हाचे दिवस, गारगार वाटलं, मी हसलो बी. मंग बापाचं तोंड पाह्यलं.”

कुणाच्या वतीने माफी मागायची आणि ती मागणारा मी कोण, हेही कळेना. तरी मागितली. सरांनी ती ऐकून घेतली, नाकारली नाही आणि ठीक आहे असंही म्हणाले नाहीत. त्यांचा तो हक्कच होता. मग त्यांनी विचारलं, तात्यांना आता दिसतं का. मी म्हणालो, चांगलं दिसतं.

“मंग घेऊन या एकदा. चहा अर्धाच झाल्ता त्यांचा.”

तेव्हापासून मी तीन खेपा गावी जाऊन आलो. तात्या खाटेवर बसून सगळं ऐकतात, गुरुजींची तब्येत विचारतात, आणि निघायचं म्हटलं की कोणत्या तोंडाने येऊ म्हणून भिंतीकडे वळतात. हे मी सरांना सांगितलेलं नाही. ते विचारतात, आले नाहीत का. मी म्हणतो, ऊन फार आहे, ऊन उतरलं की येतील. आता शेतात हुरडा आलाय, संध्याकाळी अंगावर शाल घेतल्याशिवाय ओट्यावर बसवत नाही. काल सरांनी पुन्हा विचारलं आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच निघून गेलं. सरांनी शाल कानांवरून लपेटून घेतली, रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बराबर हाये. ऊन लई हाये अजून.”