हाक जाणारी खिडकी

फोन आला तेव्हा मी बेंगळुरूत एका उंच इमारतीत काच बसवत होतो. "आत्ती गेली. दुपारी, खिडकीजवळच," चुलतभाऊ म्हणाला. जवळ कोण होतं, असं मी विचारलं, पण तो रडत होता... त्यातच फोन कटला. गावी पोचेपर्यंत डोक्यात तोच प्रश्न. कारण कोडोलीच्या गल्लीतून तिला मळ्यात राहायला मीच नेलं होतं.

आईवडिलांमागं या आत्यानंच मला वाढवलं. आठवीत शाळा सोडली तेव्हा सगळे बोलले. तिनं भाकरी बांधून दिली आणि हाताला काम शीक म्हणाली. गल्लीतल्या आमच्या खोलीत दिवसाही दिवा लागायचा. म्हणून मळ्यात घर बांधताना मी पुढच्या भिंतीभर काच लावली. मोठ्या लोकांकडं लावतो तसली, न उघडणारी. समोर ऊस, ओढ्याकाठची जांभळं, वर पन्हाळ्याचा डोंगर. वाटलं, आत्ती हरखून जाईल.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दिसतंय समदं, पर हाक जात न्हाय की. दुकानातल्या बाहुलीगत बसवलंयस मला."

मी हिरमुसलो, पण अर्धी काच काढून सरकती बसवली. मग तिथली खुर्ची तिनं सोडली नाही. कुणाची म्हैस उसात शिरली, कुणाची पोरं उशिरा आली, सगळा पुकारा तिथनंच. ढग कुठवर आलेत तेही मला फोनवर सांगायची. तरी फोन ठेवला की मला घोर लागायचा... माझ्या हौसेपायी म्हातारी एकटी पडली नसेल ना?

रक्षाविसर्जनानंतर शेजारच्या मळ्यातल्या शालनवहिनी जवळ येऊन बसल्या. त्या दुपारी त्या समोरच वैरण कापत होत्या. डोंगरावर ऊन कसं पडलंय बघ, असं आत्तीनं खिडकीतनं सांगितलं. वहिनींनी वर बघून काहीतरी म्हटलं, तर उत्तर नाही. विळा टाकून त्या धावत आल्या.

"हात धरला तवा त्यो अजून गरम हुता," त्या म्हणाल्या. "एकटी न्हाय गेली ती. बोलत बोलत गेली."

मला आधी रडू आलं, आणि मग कितीतरी वेळानं भूक लागली.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. परत निघायच्या आदल्या दिवशी मी त्या खुर्चीत बसलो होतो. दुधाचे कॅन लावलेली एक गाडी रस्त्यानं गेली आणि सवयीनं हाक आली, "आत्ती, हाईस का?" मग आत्ती आता नाही हे गाडीवाल्याच्या ध्यानात आलं असावं, गाडी हळू झाली...

मी काच पूर्ण सरकवली. "हाय की," म्हणालो. "या आत."