हरायचाही हक्क

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. पुढं सायलेन्सरची पुंगळी काढलेली मालकाची मोटारसायकल आणि तिच्या आवाजामागं रंगवलेल्या शिंगांची म्हैस सुसाट. नव्वदच्या दशकात आमच्या भागातल्या शर्यतीत सगळे पुरुष असत, आणि एक माझी आई. वडील गेल्यावर गोठा तिनंच सांभाळला. दूध घालायला ती मोपेडवरून जायची, त्यामुळं आमची म्हैस तेवढाच आवाज ओळखायची. बाकी कुणाच्या गाडीमागं ती ढिम्म हलत नसे. लोक हसायचे. आई त्यांना हिंग लावून विचारायची नाही.

एका वर्षी म्हशीनं सरावात भल्याभल्यांना मागं टाकलं. पाडव्याला मात्र ऐन शर्यतीत मोपेड दोनदा खोकली आणि बंद पडली. म्हैस तिथंच थांबून आईचा पदर हुंगू लागली. टाकीत पेट्रोलबरोबर पाणी निघालं. ते कुणी ओतलं हे शोधावं लागलं नाही, कारण आमच्याकडं माणसाच्या पोटात फुशारकी राहत नाही. आदल्या वर्षीचा विजेता चहाच्या गाड्यावर चारचौघांत म्हणाला, "तिच्या गाडीला पाणी मीच पाजलं की."

भाऊबंद म्हणाले, जाऊ दे. आईनं सरळ दावा लावला. चहावाल्यानं साक्ष दिली. मग समोरच्या वकिलानं आईला विचारलं, "मोपेडवरून तुम्ही जिंकलाच असता, हे कशावरून?"

"जिंकलो असतो असं मी कुठं म्हणतोय, सायेब? हरलो असतो तर गप घरला गेलो असतो. पर ह्यानं मला हरूबी दिलं न्हाय."

निकाल लागेपर्यंत नवं शतक उजाडलं. न्यायाधीशांनी म्हटलं, कोण जिंकलं असतं ते सांगता येत नाही. पण या बाईंना जिंकायची संधी होती, ती याने हिरावली, म्हणून त्याने भरपाई द्यावी. भरपाई किती, हे आईनं विचारलंच नाही. "मला संधी हुती, असं म्हणाले न्हवं?" एवढंच तिनं आमच्या वकिलांना विचारलं. मला रडू आलं, अभिमानानं.

म्हैस एव्हाना थकली होती. तरी निकालानंतरच्या पाडव्याला आई तिला घेऊन उतरली आणि सगळ्यांच्या मागून पोचली. घरी येताना गल्लीत जो भेटेल त्याला मोपेड थांबवून ताठ मानेनं सांगत होती, "आज हरलो बघा."