आबांच्या पायरीवरचे दोन ड्रम

"मॅडम, ह्ये हिरवं पाणी आठ दिवसांत नितळ झालं पायजे. पाव्हणे येणार हायेत," आबा म्हणाले.

आबा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. केजच्या बाहेर कॉलेज, दोन होस्टेलं आणि मागे सांडपाण्याचं तळं. त्या तळ्याची केमिस्ट मी. आबांच्या टेबलावर एका सेल्समनने कॅन ठेवला होता. शेजारी काचेची बाटली. पाणी आमच्याच तळ्याचं, पण आरपार दिसणारं.

"काय घातलंय यात?"

"नॅनो सिल्व्हर, मॅडम. लेटेस्ट टेक्नॉलॉजी."

नॅनो सिल्व्हर म्हणजे चांदीचे कण. कॉलेजच्या लॅबमधल्या मायक्रोस्कोपलाही दिसणार नाहीत इतके बारीक. जंतू मारण्यात एकदम पटाईत. आणि आमचं तळं चालतं तेच जंतूंवर. पाण्यातली घाण जीवाणू खातात. त्यांना लागणारा ऑक्सिजन शेवाळ उन्हात तयार करतं. हिरवा रंग म्हणजे शेवाळ कामावर हजर आहे. चांदी दोघांनाही मारते.

"हे तळ्यात पडणार नाही," मी म्हणाले.

"तळं तुमचं न्हाई, संस्थेचं हाय. उद्या टाका. जमत नसंल तर दुसरा माणूस बघतो."

मी बाहेर आले तर दारात रशीदभाई उभे. शेजारची पेरूची बाग त्यांची. पेरूला आमच्याकडे जांब म्हणतात. बागेला पाणी आमच्या तळ्याचं, आणि जांब विकायला केजच्या बाजारात. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ताई, आमी काय करावं? दुसरं पाणीच न्हाई. झाडं लई जपलीत."

मला भयंकर राग आला होता. सेल्समनचा कमी, आबांचा जास्त. मी तशीच परत आत गेले.

"आबा, चार दिवस द्या. मी चुकले तर कॅन माझ्या हातानं ओतते आणि राजीनामाही देते."

आबा हसले. "द्या हिला चार दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांच्या ऑफिसच्या पायरीवर, भर उन्हात, दोन ड्रम ठेवले. दोन्हीत तळ्याचं पाणी. एकात सेल्समनने सांगितलं होतं त्याच मापाने कॅनमधलं औषध. आणि मग रोज सकाळी दोन्हीत होस्टेलच्या गटाराची एकेक बादली. शिपाई नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मॅडम, हितं कावून?" मी म्हटलं, "आबांना दिसावं म्हणून."

तिसऱ्या दिवशी औषधाचा ड्रम खरोखर नितळ दिसू लागला. आबांनी शिपायाला चहा सांगितला, मलाही पाजला. "आता बोला, मॅडम."

"अजून एक बादली राहिलीये."

खरं सांगते, त्या रात्री माझाही धीर थोडा सुटला होता.

चौथ्या दिवशी बादली पडली आणि दुपारपर्यंत त्या ड्रमचं पाणी काळपट झालं. सडक्या अंड्यांचा वास थेट आबांच्या खुर्चीपर्यंत गेला. घाण रोज येत होती, पण ऑक्सिजन देणारं शेवाळ उरलं नव्हतं; हवेशिवाय जगणारे गटारातलेच जंतू ती सडवत होते. हिरव्या ड्रममध्येही तितक्याच बादल्या पडल्या होत्या. त्याला नुसता ओल्या मातीसारखा वास.

आबा बाहेर आले. "कोन्ता ड्रम वास मारतोय?"

"तुमचा."

त्यांनी वाकून दोन्ही ड्रम हुंगून पाहिले. मग शिपायाला म्हणाले, "कॅन त्या औषधवाल्या पोराला परत दे बे. आन् ह्ये ड्रम उचल."

नॅनो म्हटलं की वाईटच, असं माझं म्हणणं नाही. लोखंडाचे असेच बारीक कण शेवाळाला चिकटवून चुंबकाने शेवाळ पाण्याबाहेर काढता येतं. कुठला कण, किती आणि कुठे, हे आधी विचारायचं असतं.

पाहुणे आले. तळं हिरवंगार होतं. रशीदभाईंचे जांब ताटात होते. "आमच्याच पाण्यावरचे हायेत," आबा पाहुण्यांना छाती काढून सांगत होते. त्याच संध्याकाळी मला मेमो मिळाला, ऑफिसच्या पायरीवर सांडपाणी ठेवल्याबद्दल.

सेल्समनची बाटली एकदाच भरलेली होती. तळ्यात रोज नवीन सांडपाणी येतं. त्यामुळे आता कोणी नितळ बाटली घेऊन आला, की मी त्याच्या हातात बादली देते आणि गटार दाखवते. मेमोला उत्तर मी अजून दिलेलं नाही.