गरम होईपर्यंत मेला म्हणू नका

माझी शेवटची पोस्टिंग वर बर्फात होती. पोस्टवर आम्ही सात जण. रोज सकाळी दोघांनी कमरेला एकच दोर बांधायचा, खालच्या चौकीपर्यंत रस्ता बघून यायचं. त्या दिवशी पुढे मी, हवालदार. मागे सिपाही अनिल कांबळे, डिलाईल रोडचा. मी शेजारच्या लालबागचा, म्हणून मला जास्त छळायचा.

"उस्ताद, हळू चला. पेन्शन कुठं पळून जात नाही."

चालताना मी तोंड उघडत नाही.

उतारावर वरून बर्फ सुटला. कांबळेनं बघितला. "उस्ताद, वर बघा" एवढं ओरडला. दोघं गाडले गेलो.

पुढचं मला पोरांनी सांगितलं. दोर धरून त्यांनी आम्हाला उकरून काढलं. दोघांची नाडी लागेना. रेडिओवर खालचे डॉक्टर साहेब.

"डेड आहेत? ओव्हर."

"थंड पडलेत, सर. ओव्हर."

"गरम होईपर्यंत मेला म्हणू नका. सीपीआर चालू ठेवा. ओव्हर."

तिथं हवा पातळ. छाती दाबणारा लगेच धापा टाकतो. उरलेल्या पाच जणांना आम्हा दोघांपैकी एकालाच दाबत ठेवणं शक्य होतं. नर्सिंग असिस्टंट शिर्केनं दोघांच्या तोंडात बोट घातलं.

"कांबळेचं बर्फानं गच्च आहे. श्वासच मिळाला नाही त्याला. उस्तादचं मोकळं आहे. उस्तादला घ्या."

"हा पण गेलाय रे," एक जण म्हणाला.

"यानं जन्मात कुणाचं ऐकलं नाही, यमाचं काय ऐकतोय. दाब."

हेलिकॉप्टर येईपर्यंत आळीपाळीनं दाबलं. हेलिकॉप्टरमध्येही दाबलं. बेस हॉस्पिटलात अंग गरम केल्यावर माझं हृदय चालू झालं. कांबळे तिकडे पोस्टवर, दाराशी, ब्लँकेटखाली. शिर्केचं काही चुकलं नाही. कुणी चुकलं म्हणालं तर मी भांडेन.

सिक लीव्हवर आलो तो डिलाईल रोडला गेलो. त्याच्या आईनं जयभीम केला, पाणी दिलं.

"त्यालापण दाबलं का?"

"नाही, आई. त्याच्या तोंडात बर्फ होता."

"तुझ्या कसा नव्हता?"

आजवर कुणापुढं मान खाली घातली नव्हती. तिथं घातली.

"त्यानं मला ओरडून सावध केलं. तोंड उघडं राहिलं. मी गप्प होतो."

तिनं पाण्याचा रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, "लहानपणापासून मोठ्यानंच बोलायचा. शेजारी तक्रार करायचे."

त्याची आई आता नाही. चाळ पाडली, शेजारी पांगले. म्हणून मी लिहून ठेवतो. सिपाही अनिल कांबळे. मोठ्यानं बोलायचा.