मायनं वाचलेली कादंबरी

"अल्सर," डॉक्टर म्हणाले. "कॉर्नियल अल्सर. दोन्ही डोळे बांधावे लागतील."

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात मी बाकावर बसलो होतो आणि माय माझ्या पाठीशी उभी होती. डॉक्टर एलिचपूरचे मुसलमान गृहस्थ, फार सावकाश बोलणारे. बुबुळावर काचेसारखा एक पातळ पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात, आणि त्यावर पडलेली जखम म्हणजे अल्सर, असं त्यांनी समजावलं. जखम भरली तर वर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडून अंधुक दिसेल. नाही भरली तर डोळा जाईल, आणि मागोमाग दुसराही जाऊ शकतो.

"पण दुखतो तर एकच," मी म्हणालो.

"एक डोळा हलला की दुसरा हलतो, भाई. दोन्ही बंद. पंधरा दिवस, महिना, अल्ला जाने." मग त्यांनी विचारलं, "घरी डोळ्यात काय टाकलं? सच सांगा."

"काइच नाइ टाकू देलं म्या," माय म्हणाली.

"शहाणी बाई आहे. टाकलं असतं तर इथं येऊन काही फायदा नव्हता."

हे खरं होतं. मी अमरावतीच्या बाजारात एका कापूस व्यापाऱ्याकडे माल तपासायला होतो. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. असाच एकदा घाईघाईनं बोंदऱ्यात, म्हणजे कापसाच्या मोठ्या पोत्यात, हात घालून कापूस ओढला आणि त्यातलं वाळक्या बोंडाचं टोक उडून उजव्या डोळ्यात गेलं. चार दिवसांत डोळा लालभडक झाला. वलगावला घरी गेलो, तर चुलतीनं कांद्याच्या रसात तुरटी उगाळून आणली. आमच्याकडे डोळ्यांना हेच घालतात. मायनं तिच्या हातातली वाटी हिसकली आणि उकिरड्यावर भिरकावली. मोठ्या जावेशी ती कधी वर मान करून बोलली नव्हती. सगळं घर बघत राहिलं. मायनं कोणाला, बापालाही, न विचारता बैलगाडी जुंपायला लावली आणि मला घेऊन निघाली. तिला एवढं काय झालं, हे मला कळलं नाही. मी ठणक्यानं बेजार होतो, विचारलंही नाही.

दवाखान्याजवळ एका तेलिणीच्या घरात आम्ही खोली घेतली. रोज सकाळी डॉक्टर डोळ्यात बेलाडोना घालायचे. हा एका झाडाचा अर्क. त्यानं बाहुली मोठी होते आणि ठणका कमी होतो. दोनदा कानशिलाला जळवा लावल्या. मग पुन्हा पट्टी. पट्टीच्या आत सगळं सारखंच, सकाळ आणि दुपार ओळखू यायची नाही. जाग आली की मी विचारायचो, "माय, उजाडलं काय व?"

माय उठून बाहेर जायची. थोड्या वेळानं परत यायची आणि म्हणायची, "उजाडलं, बापू." मला तिचा रागच यायचा. आंधळ्या माणसाला एक साधा शब्द द्यायला एवढा वेळ कशाला?

ज्यांना अशी पट्टी बांधावी लागेल त्यांना सांगतो, दुखणं सोसवतं, एकटेपण नाही. बाहेर दिवसभर कापसाच्या गाड्या जायच्या. चाकं करकरायची, घुंगरं वाजायची, आणि कोणीतरी ओळखीचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन बसायचो. बाजारातले माझे सोबती हाकेच्या अंतरावर होते. असतील शिते तर जमतील भुते! एकजण आला, दारातूनच "जप रे" म्हणाला आणि गेला. कापसाच्या भावापुढे माझ्या डोळ्याला कोण विचारतो? बायको पहिल्या बाळंतपणाला मोर्शीला माहेरी गेलेली. तिला काही कळवू नका, असं मीच सांगितलं होतं. मी पट्टीच्या आत रडायचो, आणि रडलं की जखम झोंबायची, म्हणून तेही पोटभर करता यायचं नाही.

माझ्या बोचक्यात एक कादंबरी होती. मुंबईहून आलेल्या एका अडत्यानं वाचायला दिलेली, नवीकोरी, आजच्या काळातल्या माणसांची. तिच्यात दोन जावा होत्या. एकाच दिवशी दोघींना मुलं झालेली, एक मूल वाचलेलं आणि एक गेलेलं, आणि वाचलेलं मूल नक्की कोणाचं हे फक्त त्या दोघींना ठाऊक. थोरलीकडे कुलूप लावलेली एक पेटी. धाकटी एके दुपारी त्या पेटीची किल्ली हातात घेते, तिथंच डोळ्यामुळं माझं वाचन थांबलं होतं. पेटीत काय असेल, या एका विचारावर मी आठ दिवस काढले.

शेवटी मायला म्हणालो, "माय, तूच वाचून दाखव ना."

माय श्रावणात पोथी वाचायची. लाल फडक्यातली सुट्या पानांची पोथी मांडीवर घेऊन बसली की आळीतल्या बाया भोवती जमायच्या. कुणब्याची बाई असून पोथी वाचते, याचा आम्हाला गर्व होता. तिच्या बापानं तिला शिकवलं म्हणत.

"माह्यानं नाइ होत," ती म्हणाली.

"काहून? पोथी वाचतं ना?"

दोन दिवस तिनं टाळलं. तिसऱ्या दिवशी बांगड्या वाजल्या, बोचकं सुटलं. "कुठलोक आलता तू? सांग सगळं पहिल्यापासून," ती म्हणाली. मी सांगितलं. तिनं पुस्तक उघडल्याचं कळलं. मग तिनं सुरुवात केली.

"मंग तिनं पेटी उघडली. पेटीत एक टोपडं होतं."

मी उठून बसलो. दोन जावा राहिल्या बाजूला, पुस्तक वेगळ्याच वाटेनं चाललं होतं. थोरलीला आधी एक मुलगी झालेली होती. अडीच वर्षांची असताना पोरीचे डोळे आले. चार शहाण्या बायांनी औषध सांगितलं, आईनं आपल्या हातानं ते डोळ्यात घातलं. पोर ओरडली, तर लागतंय म्हणजे औषध लागू पडतंय म्हणून आणखी घातलं. दोन्ही डोळे गेले. घरच्यांनी म्हटलं, देवीचा कोप. आईनं तेच खरं म्हणू दिलं.

"पोरगी एक वर्स जगली. पदर धरून चालत जाये. रोज उठली का इचारे, माय व, उजाडलं काय व?" पान उलटल्याचा आवाज आला. "पावसाळ्यात तापानं गेली. मंग त्याइनं गाव सोडलं. लहान पोरगं होतं कडेवर, त्याले कोणी काइ सांगतलं नाइ."

दर थोड्या वेळानं पान उलटल्याचा आवाज यायचा, अगदी एका मापानं. शेवटी तिनं पुस्तक कपाळाला लावलेलं बांगड्यांवरून कळलं.

मी म्हणालो, "लिहिणाऱ्यानं रडवलं बुवा."

"व्हय," माय म्हणाली.

महिन्यानं पट्टी सुटली. डावा डोळा शाबूत, उजव्यावर फूल पडलेलं. डॉक्टरांनी दोन बोटं दाखवली, मी दोन म्हणालो. त्यांनी हात वर करून शुक्र मानला. "माझे नाही, आईचे पाय धरा," ते म्हणाले. मी धरले, पण तेव्हा मला अर्धंच कळलं होतं.

वाचायची परवानगी मिळाली तशी मी सोडलेल्या जागेवरून कादंबरी उघडली. पेटीत एक कागद निघाला. टोपडं नव्हतं. मी पुढं वाचत गेलो, मग मागं गेलो. आंधळी पोर कुठंच नव्हती. शेवटी दोन लग्नं लागली आणि सगळे सुखी झाले.

मी पुस्तक मिटून बसलो. मग एकेक आठवायला लागलं. घरी कागद आला की माय म्हणायची, "तूच वाच, मले बारीक अक्षर दिसत नाइ." आजोबा, म्हणजे तिचे वडील, पोथी वाचायचे, ही लहानपणी शेजारी बसून ऐकायची, आणि किती ओव्यांनी पान उलटायचं तेही तिला पाठ होतं. तिला एक अक्षर येत नव्हतं. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. बापानं भरलं घर सोडून वलगावला चुलत भावाच्या घरी बिऱ्हाड का केलं, हे त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. ती उकिरड्यावरची वाटी आठवली. आणि महिनाभर रोज सकाळी मी तिला काय विचारत होतो, तेही आठवलं. मला स्वतःची लाज वाटली.

माय तांदूळ निवडत होती. मी जवळ जाऊन बसलो.

"माय, त्या पुस्तकातल्या पोरीचं नाव तू सांगतलंच नाइ."

तिचा हात थांबला. "तू वाचलं ना आता. त्यात नाइ काय?"

"त्यात नाइ."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या फूल पडलेल्या डोळ्याकडे. मग सुपाकडे बघून म्हणाली, "सोनी."

त्यानंतर ती खूप रडली. मी तिला रडू दिलं. एवढ्या वर्षांत त्या पोरीसाठी उघड रडायची तिला सोयच नव्हती.

तुमच्या घरात कोणाचे डोळे आले, तर कोणी कितीही शहाणपण सांगो, डोळ्यात काही घालू नका. दवाखाना गाठा. एवढ्यासाठीच हे लिहायला बसलो होतो. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण माझा डोळा त्यांच्या आधी ज्या पोरीनं वाचवला, तिला मी पाहिलेलंही नाही.

मोर्शीला मुलगी झाली. बारशाला बाया विचारू लागल्या, आत्या कुठं आहे? नाव आत्यानं ठेवायचं असतं आणि मला बहीण नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. चुलत बहिणीला पुढं करायचं ठरत होतं.

"मले बहीण होती," मी म्हणालो. "मोठी. लहानपणीच गेली. तिच्या बदल्यात माय नाव ठेवन."

माय जागची हलेना. मी तिचा हात धरून पाळण्यापाशी नेलं. तिनं वाकून पोरीच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. बायांनी आत्याच्या मानाचा खण तिच्या ओटीत घातला. तो खण मायनं कधी शिवला नाही. पोथीचं लाल फडकं काढून तिनं पोथी त्या खणात बांधली.